चेनचं काही चुकलं नव्हतं

काकूच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. दुबईच्या बर दुबई भागातल्या त्या तीन मजली इमारतीत आमचा फ्लॅट मधल्या मजल्यावर होता, आणि ओट्याच्या वर भिंतीत बसवलेला धूर ओढणारा पंखा एवढाच काय तो त्या खोलीचा बाहेरच्या जगाशी संबंध. पहाटे तो घरघरायला लागला की काकू उठली हे कळायचं. मागच्या गल्लीतल्या मशिदीतून बांग यायची, ती संपेपर्यंत काकू थांबायची, आणि मग तिचं अथर्वशीर्ष सुरू व्हायचं. "त्यांचं आधी होऊ दे, मग आपलं. देवालाही एका वेळी एकाचंच ऐकू येत असेल," म्हणायची. मग कुकरच्या शिट्ट्या, मग खालच्या बेकरीतून गरम खुबूस रोटीचा वास, आणि सगळ्यांत शेवटी काकांचा खाकरण्याचा आवाज. कढीपत्ता तेव्हा सुट्टीवरून परतणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून यायचा. काकू तो वाळवून डब्यात ठेवायची आणि आमटीत चार पानं मोजून घालायची. कोथिंबीर मिळायची, पण काकांना ती घेताना त्रास व्हायचा. "दोन दिरहम! म्हणजे पाच रुपये! पाच रुपयांत सांगलीला वाफा येईल," असं भाजीवाल्या मलबाऱ्याला मराठीतच ऐकवून ते जुडी पिशवीत टाकत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. बारावीला दोनदा नापास झाल्यावर वडिलांनी मला त्यांच्या धाकट्या भावाकडे पाठवून दिलं होतं. काका पाण्याचे पाइप पुरवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. संध्याकाळी मी टायपिंग शिकायला जायचो आणि दिवसभर नोकरीची वाट पाहत घरात असायचो. काका वाईट नव्हते, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "याला वाळू आणायला पाठवलं तर हा दुबईतून रिकाम्या हाताने येईल," हे वाक्य त्यांनी ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात ऐकवलं होतं. लोक हसायचे, मीही हसायचो. काकू मात्र हसत नसे. त्यांना मूल नव्हतं, आणि तिने मला कधी "मुलासारखा" वगैरे म्हटलं नाही, पण कुठलीही गोष्ट खरी की खोटी हे ठरवायचं झालं की ती काकांना सोडून मला विचारायची. त्या घरात माझ्या शब्दाला किंमत देणारं तेवढं एकच माणूस होतं. पुढचं सगळं लिहिताना मला हेच सगळ्यांत जड जातं.

आमच्या कुटुंबात एक गोष्ट चाळीसेक वर्षं सांगितली जाते. लग्नात, मुंजीत, काकू आपला डबा उघडून एका बाजूला जेवायला बसली की कुणीतरी नव्या सुनेला ती सांगतंच. एका चिनी आचाऱ्याने काकूला फसवून मटण खायला घातलं, म्हणून ती तेव्हापासून घराबाहेर काही खात नाही. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे गेल्या महिन्यापर्यंत जिवंत माणसांपैकी फक्त मला ठाऊक होतं.

खोर फक्कानच्या अलीकडे, डोंगरातल्या एका कोरड्या वाडीत, म्हणजे ओढ्याच्या पात्रात, पाण्याच्या वाहिनीचं काम चालू होतं. काम एका चिनी कंपनीकडे होतं आणि पाइप काकांच्या कंपनीकडून जायचे. बाकीच्या कंपन्या कामगारांना पत्र्याच्या खोल्यांत कोंबत. या चिनी लोकांनी वाडीतलेच दगड फोडून सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठी अख्खं छोटं गाव उभं केलं होतं. दोन्ही बाजूंना बुटक्या घरांची रांग, मधून फरसबंद गल्ली, टोकाला जेवणघर, सिमेंटचं टेबल टेनिसचं टेबल, आणि गावाच्या तोंडाशी वर वळलेल्या छपराची लाल कमान. चारी बाजूंना तपकिरी उघडे डोंगर, आणि मध्येच ही कमान. पहिल्यांदा पाहिली तेव्हा काका गाडी थांबवून नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "च्यायला, यांना कुणी सांगितलं नाही का, दोन वर्षांनी परत जायचंय म्हणून?"

तिथला आचारी म्हणजे लाव चेन. लाव म्हणजे वयाने मोठा, आपण आप्पा म्हणतो तसं. पन्नाशीचा, किरकोळ, कानाला पेन्सिल खोचलेला. जेवणघराच्या मागे डोंगराच्या उतारावर त्याने पायऱ्या-पायऱ्यांचे वाफे केले होते आणि भांडी धुतलेल्या पाण्यावर भाजी पिकवली होती. त्यातल्या सगळ्यांत खालच्या, ओल्या वाफ्यात अळू होतं. पहिल्या भेटीत काकू काकांबरोबर सहज म्हणून आली होती, आणि ते अळू बघून ती तिथेच खाली बसली. चार वर्षांत तिने अळूचं पान पाहिलं नव्हतं. चिनी लोक कंद खातात आणि पानं टाकतात. काकूला पानं हवी होती. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण दहा मिनिटांत दोघांचा व्यवहार ठरला. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी जाणाऱ्या काकांच्या गाडीत काकूचं लिंबाचं लोणचं जायचं आणि येताना ओल्या गोणपाटात बांधलेली अळूची पानं यायची. काकू त्याला चेनभाऊ म्हणायची. तो तिला मादाम म्हणायचा, आणि ती समोर नसताना तिच्याविषयी काही सांगायचं असलं तर हात जोडून दाखवायचा, कारण ती त्याला नेहमी तसा नमस्कार करायची.

त्या शुक्रवारी त्यांचं नवीन वर्ष नुकतंच लागलं होतं आणि आमची माघी चतुर्थी होती. चेनने सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. काका, काकू, मी, आणि वरच्या मजल्यावरचे सामंतकाका. सामंत मालवणचे, एका बँकेत कारकून, बायको गावी. सुट्टीच्या दिवशी ते कुणाच्याही गाडीत बसायला तयार असत. काकूने पहाटे उठून तिळाचे मोदक केले, नैवेद्य दाखवला, आणि डबा भरून घेतला. उकडीचे तिला करता आले नव्हते, तांदळाची पिठी चांगली मिळाली नाही म्हणून ती सगळ्या वाटेने हळहळत होती. धैद मागे पडलं, मसाफीचे डोंगर सुरू झाले.

"वहिनी, आज तिथे बेडूक असणार ताटात," सामंतकाका म्हणाले.

"तुम्ही खा. तुम्हाला काय, समुद्रातलं सगळं आपलंच."

"बेडूक समुद्रात नसतो हो."

"मग तुमची पंचाईत झाली," काकू म्हणाली, आणि काका इतके हसले की गाडी कडेच्या रेतीत गेली.

ती अशी बोलायची. आजची आमची मुलं तिला ओळखतात ती एक गप्प, कडक, डबा घेऊन फिरणारी आजी म्हणून. त्यांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही.

कमानीला लाल कागदी कंदील लावले होते. गल्ली झाडून, पाणी मारून ठेवली होती. नेहमी इंग्रजी बोलणारा त्यांचा दुभाषा त्या दिवशी अबू धाबीला गेला होता, त्यामुळे स्वागत सगळं हसण्यावर आणि माना हलवण्यावर चाललं. मी पाच मिनिटांत टेबल टेनिसला लागलो. तिथली पोरं मला नेहमी सहज हरवायची. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी एकाला हरवलं, मग दुसऱ्याला. भोवती घोळका जमला. काका लांबून बघत होते, आणि मला ते बघताहेत हे दिसत होतं. माझ्याकडे कुणी असं बघण्याची ती पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात चेनने मला हाक मारून स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर बांबूच्या दोन मोठ्या चाळण्या वाफाळत होत्या. एकीत पांढरेशुभ्र, गोल, वर कळ्या पाडून नाक काढलेले. दुसरीत करंजीसारखे, मुरड घातलेले. चेन हळूहळू, लहान मुलाला समजावावं तसं समजावत होता. त्याने हात जोडले, म्हणजे मादाम. एका चाळणीकडे बोट केलं आणि कोबीचा गड्डा उचलून दाखवला. मग दुसरीकडे बोट केलं आणि बोकडासारखा "बॅऽऽ" असा आवाज काढला. याहून स्पष्ट काय सांगणार? पण माझं लक्ष दारातून दिसणाऱ्या टेबलाकडे होतं. तिथे माझी बॅट हातात धरून कुणीतरी मला खुणावत होतं. मी कोबी पाहिला, बोकड ऐकला, आणि बोट कुठे गेलं ते पाहिलं नाही. चेनने माझा दंड धरून पुन्हा विचारलं, "ओके? ओके?" मी म्हटलं, "ओके, ओके. यल्ला," म्हणजे चला, आणि दोन्ही चाळण्या उचलून बाहेर आलो.

जेवणघर तिथून तीस पावलांवर असेल. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की कुठली कशाची हे मला ठाऊक नाही. परत जाऊन विचारता आलं असतं. पण आत जाऊन पुन्हा विचारणं म्हणजे समजलं नव्हतं हे कबूल करणं, आणि काका दारातच उभे होते. तेव्हा मी माझ्या मनाने ठरवलं. गोल चाळणीतले हुबेहूब उकडीचे मोदक होते. कळ्या तशाच, नाक तसंच. मोदकात मटण कसं असेल? आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही हेच वाटलं असतं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

"अगं बाई, हे तर मोदकच!" काकूने दोन्ही हात गालांवर ठेवले. "चतुर्थीला! चेनभाऊंना कुणी सांगितलं?" तिने एक उचलला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. "यात काही नाही ना रे? विचारलंस ना?"

"विचारलं काकू. भाजीचे आहेत."

तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटून, तो न मोडता तसाच मोठा घास घेतला. दुसरा घास घेतला. तिच्या चेहऱ्यावर आधी नवल होतं, मग ती चव ओळखायचा प्रयत्न करत होती. पलीकडे काकांनी त्याच चाळणीतला एक उचलून चावला आणि ते थबकले. काका बाहेर मटण खायचे, त्यांना चव ठाऊक होती. "अगं, टाक," ते म्हणाले. "टाक तो. खिमा आहे."

काकू उठली. धावली नाही. वाफ्यांच्या बाजूला गेली, आणि आम्हाला तिच्या ओकण्याचा आवाज ऐकू येत राहिला.

"तुला तो काय म्हणाला?" काकांनी मला विचारलं.

मी खरं सांगू शकलो असतो. एवढं एक वाक्य होतं. "भाजीचे म्हणाला," मी म्हटलं.

"अहो, त्यांना काय भाजी आणि काय मटण," सामंतकाका म्हणाले. "मजा केली असेल म्हाताऱ्याने."

आवाज ऐकून चेन हात पुसत बाहेर आला. त्याने टेबलावर पाहिलं, कुठल्या चाळणीत जागा झाली आहे ते पाहिलं. करंज्यांकडे बोट दाखवून तो घाईघाईने बोलायला लागला, पुन्हा हात जोडले, पुन्हा कोबी, आणि मग माझ्याकडे वळून माझ्याशी काहीतरी बोलला. काय बोलला ते त्या खोलीत मला एकट्याला कळत होतं. काका उठले. "बस. खलास," म्हणाले, आणि मोठ्या आवाजात हिंदीत, जणू मोठ्याने बोललं की चिन्याला हिंदी कळेल, "देवीजैसी औरत है, उसको धोका दिया तुमने." तिळाच्या मोदकांचा डबा न उघडताच परत गाडीत आला. मसाफी आलं. मग काकू म्हणाली, "मुद्दाम नसेल केलं त्यांनी." काका म्हणाले, "मग? या पोराने विचारलं होतं ना?" काकूला तेवढं पुरलं. माझा शब्द होता ना तो.

त्यानंतर तिने आठ दिवस देवाला हात लावला नाही. काका पूजा करायचे, चुकत-माकत. नवव्या दिवशी तिने पुन्हा पूजा सुरू केली आणि एक नेम घेतला, की स्वतःच्या हातचं सोडून काही खायचं नाही. त्या काळात दुबईत आम्हा लोकांचं आयुष्य म्हणजे एकमेकांकडची जेवणं. दर शुक्रवारी कुणाकडे तरी सतरंजी पसरायची, पाच घरचे डबे, पत्ते, गाणी. पहिले काही महिने काकू जायची आणि नुसतं पाणी प्यायची. बायकांना ते अवघड व्हायला लागलं. मग तिला बोलावणं कमी झालं, मग काका एकटेच जायला लागले. अळूची पानं बंद झाली. लोणच्याची बरणी फडताळात राहिली.

आणि दीड-दोन महिन्यांनी एका दुपारी दाराची घंटा वाजली. चेन होता. सामानाच्या ट्रकबरोबर दुबईला आला असावा. घामाने भिजलेला, काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी. पत्ता कुणाकडून मिळवला कोण जाणे. त्याने हात जोडून दाखवले. मादाम? काकू आतल्या खोलीत होती. मी म्हटलं, "मादाम नो. मादाम इंडिया." तो तसाच उभा राहिला. मग त्याने एका हाताची बोटं जुळवून मुरड घातल्यासारखी केली, दुसऱ्या हाताची नाक काढल्यासारखी, आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरून भुवया वर केल्या. कुठलं दिलंस? रागावलेला नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं. मी खाली बघितलं. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, गुंडाळी उंबऱ्याशी ठेवली आणि जिना उतरून गेला. मी ती मागच्या गल्लीतल्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आलो. काकूने आतून विचारलं, "कोण होतं रे?" मी म्हटलं, "लाँड्रीवाला."

वर्षभरात ते काम संपलं, चिनी लोक गेले. मला नोकरी लागली, आणि पुढचं सगळं आयुष्य इथेच गेलं. काका वारले, काकू पुण्याला तिच्या भाचीकडे राहायला गेली. मी आता दुबईतच, अल बर्शाला मुलाकडे असतो. गेल्या महिन्यात रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, खोर फक्कानच्या वाटेवर एक जुनं चायनीज व्हिलेज आहे, रिस्टोअर केलंय. इन्स्टावर सगळीकडे आहे. जाऊ या." आता बोगद्यांतून सरळ रस्ता आहे, दीड तासात पोचलो. कमान नव्याने रंगवलेली. जेवणघरात कॉफी शॉप. सिमेंटचं टेबल दोरी बांधून जपून ठेवलेलं आणि शेजारी पाटी, की हे गाव परदेशी कामगारांनी आपल्या सुट्टीत बांधलं. नात, ईरा, चौदा वर्षांची, फोटो काढत सुटली होती. वाफ्यांच्या पायऱ्या अजून दिसतात, त्यांत आता फक्त खडे आहेत.

"आजोबा, यू वर हिअर? लाइक, बिफोर?"

मी उत्तर देण्याआधीच मुलगा हसत म्हणाला, "अगं, हेच ते. ती डबेवाली आजी माहीत आहे ना? तिला इथल्याच चायनीज कुकने फसवून मटण खायला घातलं होतं."

"ओ माय गॉड. दॅट्स सो मीन," ईरा म्हणाली, आणि तिने त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे असं पाहिलं की जणू तो माणूस अजून आत आहे.

मी तिथेही गप्प बसलो. कॉफी प्यालो. परतीच्या वाटेवर, दुसऱ्या की तिसऱ्या बोगद्यात, मला ते सहन होईना आणि मी सगळं सांगितलं. मुलाने रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "जाऊ द्या बाबा. किती वर्षं झाली. तुम्ही पोरगेले होता." ईरा मागून म्हणाली, "बट शी स्टिल डझन्ट नो, राइट?" नाही, म्हटलं. "देन यू हॅव टू कॉल हर, आजोबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. काकू आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, ऐकू नीट येतं. मी आधी चाळण्यांचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाली, "मी तुला विचारलं होतं."

"हो काकू."

"बरं." तिच्या मागे कुठली तरी मालिका चालू होती. "काकांनी त्या माणसाला धोकेबाज म्हटलं. तू तिथेच होतास."

"हो." मग मी दाराचं सांगितलं.

"चेनभाऊ आले होते? आपल्या घरी?"

"हो. तू झोपली होतीस."

"मी दुपारी कधी झोपायचे रे? पडलेली असायचे नुसती. हाक मारली असतीस तर दोन पावलं होती." मग तिने विचारलं, "मी इंडियाला गेले म्हणालास, आणि त्यांना ते पटलं?"

वर लिहिताना मी एक गोष्ट गाळली होती. तिला ती सांगावी लागली, म्हणून इथेही लिहितो. "नाही पटलं. तुझ्या चपला दारातच होत्या. जाताना त्यांनी त्या पाहिल्या."

"म्हणजे त्यांना वाटलं असेल," काकू सावकाश म्हणाली, "मी आतूनच सांगितलं, नाही म्हण म्हणून."

"ठेवते आता," ती म्हणाली. पण तिने फोन ठेवला नाही. मालिकेतली माणसं भांडत होती, जाहिराती लागल्या, पुन्हा भांडायला लागली. मी इकडे फोन कानाला धरून बसलो होतो, आणि ती तिकडे.